अभियांत्रिकी नीतिशास्त्र
परवानाधारक अभियंत्याने लोकांची सुरक्षितता, आरोग्य व कल्याण यांना ग्राहकाच्या हितापेक्षा वरचे स्थान द्यावे, या तत्त्वावर आधारलेली व्यावसायिक आचारव्यवस्था. नकाशावरील अभियंत्याची मुद्रा ही त्या आराखड्याची जबाबदारी त्याने स्वतः स्वीकारल्याची खूण होय. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी हयात रीजन्सी हॉटेलातील टांगलेले पादमार्ग कोसळून ११४ जण मृत्युमुखी पडले. मूळ आराखड्यातील अखंड सळ्यांऐवजी तुटक सळ्या वापरल्याने चौथ्या मजल्यावरील पादमार्गाच्या जोडणीवर दुप्पट भार आला होता आणि त्या भाराचे गणित न तपासताच हा बदल मान्य झाला होता. मिसूरी राज्याच्या परवाना मंडळाने दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले व अपील न्यायालयाने १९८८ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. काम इतरांवर सोपवता येते, मुद्रेची जबाबदारी मात्र सोपवता येत नाही, हा दंडक त्यातून दृढ झाला.