डावा गुडघा आणि आपोआप गिअर

डावा गुडघा माणसाला कशासाठी दिलेला असतो, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले, "यापुढे क्लच दाबायचा नाही." आता क्लच सोडायचा म्हणजे गडचिरोली सोडायची. तिथे आमची लेक दिली आहे आणि पंधरा दिवसांत नातू दिसला नाही, की सौ. माझ्याशी बोलणे टाकते. तेव्हा आम्ही आपोआप गिअर बदलणारी एक जुनी मोटार घेतली. दोन लाख चाळीस हजारांना. क्लचच नाही! डावा पाय आपला जावयासारखा बसून.

ही युक्ती तशी जुनी. हेर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, झाले काम. पुढे अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरच्या हाताखाली जनरल मोटर्सचा 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स तयार झाला आणि १९३९ साली तो ओल्ड्समोबाईल गाड्यांसाठी बाजारात आला. जादा आकार डॉलर सत्तावन्न फक्त. दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकेच्या स्टुअर्ट रणगाड्यात बसवला होता. म्हणजे तोफांना जो भ्याला नाही, तो चंद्रपूरच्या मे महिन्याला भ्याला!

चिचपल्ली मागे टाकून आम्ही केळझरच्या जंगलात शिरलो होतो. इंजिन ओरडत होते, पण गाडी पुढे जाईना. करपल्याचा वास आला. सौ. म्हणाली, "गॅसवर काही राहिलं का हो?" तेवढ्यात तेंदूपत्ता तोडून परतणारी चारपाच माणसे आली.

"काऊन जी, बंद पडली का? धक्का मारू?"

वाघाच्या जंगलात भर उन्हात धक्का मारायला तयार झालेली माणसे, आणि मला सांगावे लागले की ही गाडी धक्क्याने सुरू होत नाही. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये जे तेल असते, त्याचा पंप इंजिनावरच चालतो. इंजिन बंद असताना पुढची चाके जमिनीवर टेकवून ओढत नेली, तर गिअरबॉक्स आतून कोरडाच घासतो. त्यांतला एक म्हातारा सगळे ऐकून घेत म्हणाला, "मंग ते आपोआप कायचं जी?"

जुन्या अँबेसेडरचा गिअर स्टिअरिंगपाशी असे. तो अडकला, की बॉनेट उघडून दांडा हाताने हलवायचा आणि रुमालाला हात पुसून पुढे निघायचे. मूलचा कुठलाही मिस्त्री ते करी. वेळ पडली तर मीही करी. याला मात्र हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी मालट्रकच्या पाठीवर चढून आमची गाडी नागपूरला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्या मागून प्रवास केला.

तिथल्या गॅरेजवाल्याने काळेठिक्कर तेल बोटावर घेऊन हुंगले. उष्णतेने तेल जळते, आतल्या क्लचच्या चकत्या घसरू लागतात आणि घसरल्या की आणखी तापतात, असे त्याने समजावले. (होय, आत क्लच असतातच, फक्त आपल्याला दाबू देत नाहीत.) "तेल कधी बदललं होतं?" मी म्हटले, आधीच्या मालकाने सांगितले होते, ते आयुष्यभर बदलावे लागत नाही. "कोणाच्या?" त्याने विचारले आणि अंदाजपत्रक पुढे केले. एक लाख पंच्याऐंशी हजार. दुरुस्ती नाही, अख्खा डबाच बदलायचा.

पुतण्या म्हणतो, नवी घ्या. २०१४ साली आलेल्या सेलेरिओपासून स्वस्तातला प्रकार निघाला आहे. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र ठेवलेले. म्हणजे गड्याच्या जागी गडीच, फक्त पगारी. पण त्या पुतण्यापाशी एक लाख पंच्याऐंशी हजारही नाहीत आणि माझ्यापाशीही.

सध्या आम्ही एसटीने जातो. मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरतो. परवा चंद्रपूर ते मूल त्याने दोनशे अकरा वेळा क्लच दाबला. पाय त्याचा, कळ माझ्या गुडघ्यात. सावलीला चहाला उतरलो तेव्हा सौ.ने विचारले, "तुम्ही का लंगडताय?"