काल्पनिक रेल्वेचा रंग

आगगाडीच्या इंजिनाला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु ज्या छंदिष्टानें घरच्या एखाद्या खोलींत लहानशी रेल्वे उभारली आहे, आणि तीहि कोणा खऱ्या कंपनीची नक्कल म्हणून नव्हे तर नांव, मार्ग व स्टेशनें स्वतःच्या कल्पनेनें ठरवून, त्याला हाच प्रश्न फार अवघड जातो. नक्कल करणाऱ्यानें छायाचित्र पाहावें आणि रंग लावावा. कल्पनेच्या रेल्वेला छायाचित्र कोठून असणार? तिच्या मालकाला आधार शोधावयाचा तो खऱ्या रेल्वे-कंपन्यांच्या इतिहासांतच.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें अनेक खाजगी कंपन्या होत्या आणि इंजिनाचा रंग ही प्रत्येकीची निशाणी होती. काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेल्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीनें १८७३ सालीं हिरवा रंग सोडून काळा पत्करला. तिची प्रतिस्पर्धी मिडलंड कंपनी. तिनें १८७५ सालीं दुसरा वर्ग रद्द करून तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांस चांगल्या बैठका दिल्या, आणि १८८३ च्या सुमारास आपल्या इंजिनांस किरमिजी रंग दिला. दोन्ही कंपन्यांचे स्वभाव त्यांच्या इंजिनांवर जणूं लिहिलेले होते. ब्रायटनच्या रेल्वेवर १८७० सालीं आलेल्या विल्यम स्ट्राउडले यांची गोष्ट याहून मौजेची आहे. त्यांच्या इंजिनांचा रंग चक्क सोनेरी पिवळा, पण त्याचें नांव मात्र ‘सुधारलेला हिरवा’! प्रत्येक इंजिन एका ठराविक ड्रायव्हरच्या स्वाधीन करून त्याचें नांव आंतल्या बाजूस रंगविण्याची रीत त्यांनीं पाडली. आपलें नांव असलेलें इंजिन कोण मळकें ठेवील? यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहांत असलेलें ‘ग्लॅडस्टन’ हें १८८२ चें इंजिन त्या वैभवाची साक्ष देतें.

अमेरिकेंतील आरंभींचीं इंजिनें रंगीत व पितळी पट्ट्यांनीं नटलेलीं असत. शतक संपतां संपतां तीं बहुतेक काळीं झालीं, कारण काळ्या रंगावर काजळी दिसत नाहीं आणि पुसणाऱ्यांची मजुरी वांचते. पुढें मंदीच्या दशकांत प्रवाशांस पुन्हां आकर्षून घेण्याची गरज पडली. १९३७ सालीं सँटा फे कंपनीच्या ‘सुपर चीफ’ गाडीस जोडलेलें डिझेल इंजिन लाल व रुपेरी रंगांत अवतरलें. लेलँड निकरबॉकर या चित्रकारानें तो लाल आकार तेथील मूळ रहिवाशांच्या पिसांच्या शिरोभूषणावरून घेतला होता.

रंगामागें असा हेतु असतो याचा दाखला मराठी माणसास दूर शोधावा लागत नाहीं. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर ‘डेक्कन क्वीन’ सुरूं झाली, तेव्हां तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. ही इतर गाड्यांसारखी गाडी नव्हे, हें फलाटावरच्या मनुष्यास कोणी सांगावें लागत नसे.

संकटकाळहि रंगांत उमटतो. दुसऱ्या महायुद्धांत बहुतेक ब्रिटिश इंजिनांवरील हिरवे-निळे रंग जाऊन काळा आला. १९४८ सालीं तेथील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. पुढील वर्षीं मोठ्या एक्स्प्रेस इंजिनांसाठीं निळा रंग ठरला. पण तो नीट टिकेना, म्हणून थोड्याच वर्षांत हिरवा परत आला.

आतां छंदिष्टाच्या खोलीकडे वळावें. सत्त्याऐंशींत एक या प्रमाणांत अर्ध्या इंचाची रेषा एक मिलीमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी होते. खऱ्या इंजिनाची चकाकी लहान आकारावर खेळण्यासारखी दिसते, आणि दिव्याच्या उजेडांत गडद रंग अधिकच काळवंडतो. म्हणून रंग किंचित् फिका व निस्तेज करून घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथील जॉन ॲलन यांनीं आपल्या संपूर्ण काल्पनिक रेल्वेवर गंज, धूळ व काजळी रंगवून तिला वय दिलें. १९७३ सालीं त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत ती रेल्वे आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. तरी त्यांनीं स्वतः काढलेलीं छायाचित्रें पाहणाऱ्यास ती अजूनहि खरी वाटते.

तेव्हां कुंचला हातीं घेण्यापूर्वीं कंपनीची कुंडली मांडणें श्रेयस्कर. लांकूड वाहणारी डोंगरांतली गरीब कंपनी असेल, तर तिला मळका काळा रंग आणि हातानें काढलेला आंकडाच शोभेल. सुटीच्या प्रवाशांवर जगणारी असेल, तर लाल रंग व सोनेरी रेषा हव्यात. दोन कंपन्या नुकत्याच एक झाल्या असतील, तर एखादें जुनें इंजिन पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत पूर्वीच्याच रंगांत धांवूं द्यावें. खऱ्या रेल्वेवर असेंच घडत आलें आहे. आणि पाहणारा मनुष्य ‘ही कोणत्या प्रांतांतली रेल्वे?’ असें विचारूं लागला, म्हणजे रंग योग्य निवडला असें खुशाल समजावें.