लिनक्समध्ये स्वतःचा स्टोरेज ड्रायव्हर चालत नाहीये? चूक अशी शोधा

फोनमध्ये फोटो सेव्ह केला की तो यूएफएस किंवा ईएमएमसी चिपमध्ये जातो. ॲपपासून चिपपर्यंतच्या वाटेवर फाइल सिस्टिम, ब्लॉक लेयर आणि सगळ्यात खाली ड्रायव्हर असतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे. त्यामुळे लॅपटॉपवर छोटा ब्लॉक ड्रायव्हर लिहून बघितला, तर फोनच्या आतलं बरंच काही कळतं.

पण सांभाळून. ॲप बिघडलं तर फक्त ॲप बंद पडतं. ड्रायव्हर बिघडला तर अख्खी सिस्टिम बंद पडते, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे डेटा गुपचूप खराब होतो. म्हणून प्रयोग रोजच्या मशीनवर नको. क्यूएमू वापरून व्हर्च्युअल मशीन बनवा आणि त्याला एक रिकामी डिस्क जोडा.

कोड बदलायच्या आधी गाडी नक्की कुठे अडली ते बघा. प्रत्येक टप्प्यानंतर ‘डीमेसेज’ कमांड देऊन कर्नलचा लॉग वाचा.

१. कोड कंपाइलच होत नाही

बहुतेक वेळा कोड जुन्या ट्युटोरियलमधला असतो. कर्नल ३.१३ मध्ये (२०१४) ब्लॉक-एमक्यू ही नवी पद्धत आली आणि ५.० मध्ये (२०१९) जुनी सिंगल क्यू पद्धत काढून टाकली. आपल्या कर्नल व्हर्जनचंच उदाहरण शोधा.

२. मॉड्यूल लोड होत नाही

• ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’: मॉड्यूल वेगळ्या कर्नलसाठी बनलंय. चालू कर्नलच्या हेडर फाइल्स घेऊन पुन्हा बिल्ड करा.
• ‘अननोन सिम्बॉल’: ज्यावर ते अवलंबून आहे ते मॉड्यूल लोड झालेलं नाही. ‘इन्समॉड’ऐवजी ‘मॉडप्रोब’ वापरून बघा.
• ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’: सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही.

३. लोड झालं, पण डिव्हाइस सापडत नाही

ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन चाललंच नाही. पीसीआय डिव्हाइस असेल तर ‘एलएसपीसीआय’मध्ये दिसणारा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी तुमच्या टेबलमध्ये आहे का बघा. फोनसारख्या एआरएम बोर्डावर डिव्हाइस ट्रीमधलं ‘कम्पॅटिबल’ नाव तंतोतंत जुळावं लागतं. एक स्वल्पविराम चुकला तरी पुरतो.

४. डिस्कची साइज चुकीची दिसते

कर्नल डिस्कची साइज नेहमी ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतो, डिस्कचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असला तरी. तुम्ही ४०९६ बाइटच्या ब्लॉकची संख्या तशीच दिलीत, तर ८० जीबीची डिस्क १० जीबीची दिसेल.

५. वाचायला गेलं की सगळं अडकतं

लॉगमध्ये ‘१२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ ब्लॉक्ड’ असं येतं आणि प्रोसेस किल करूनही मरत नाही. म्हणजे कर्नलने रिक्वेस्ट दिली, पण ती पूर्ण झाल्याचं ड्रायव्हरने कळवलंच नाही. प्रोक फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ फाइल दोनदा बघा. डिव्हाइससमोरचा आकडा वाढत नसेल तर इंटरप्ट येतच नाहीये. वाढत असेल तर चूक हँडलरमध्ये शोधा.

६. सगळं चालतंय, पण डेटा बरोबर आहे का?

हा टप्पा कधीच गाळू नका. वरची ८ पटीची चूक लिहायच्या जागेतही होते. गंमत म्हणजे वाचतानाही ड्रायव्हर त्याच चुकीच्या जागी जातो, म्हणून साधी टेस्ट पास होते! यावर उपाय असा: ६४ केबीच्या तुकड्यांत लिहा आणि ४ केबीच्या तुकड्यांत वाचा. जागा चुकत असेल तर लगेच फरक दिसेल. ‘डीडी’ वापरताना डायरेक्ट पर्याय द्या, नाहीतर डिस्कऐवजी रॅममधली कॉपीच वाचली जाईल.

फोनवर कस्टम कर्नल टाकायचा विचार असेल तर आधी बॅकअप घ्या, कारण बहुतेक फोनमध्ये बूटलोडर अनलॉक करतानाच सगळा डेटा पुसला जातो. फोन क्रॅश होऊन रीबूट झाला तरी लॉग गेलाच असं समजू नका. कर्नलमध्ये पीस्टोअर चालू असेल तर शेवटचे मेसेज तिथे मिळू शकतात, मात्र ते बघायला रूट लागतं.