उंबरठ्याबाहेरच्या वहाणा

दिवाळी आली, की आमच्या वाळूजला घरोघरी दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसू लागतात. उंबरठ्याच्या आत रांगोळीने काढलेली लक्ष्मीची इवलाली पावले आणि उंबरठ्याच्या बाहेर आल्यागेल्यांच्या वहाणांचा ढीग. लक्ष्मीसुद्धा घरात अनवाणीच येते, हे आपल्या ध्यानातही येत नाही; इतकी ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. ती कशासाठी, असे विचारावे, तर घरातली वडीलधारी मंडळी एका शब्दात निकाल लावतात : स्वच्छता!

कारण खोटे नाही. जुन्या घरांतली भुई शेणाने सारवलेली असे. तिच्यावरच पाट मांडून जेवायचे आणि तिच्यावरच घोंगडी टाकून निजायचे. रस्त्यावरची घाण आत आणणे म्हणजे ती ताटाशी आणणेच होते. शिवाय वहाण पडली कातड्याची. मेल्या जनावराचे कातडे सोवळ्याला चालायचे कसे? लाकडी खडावांना तेवढी ती अडचण नव्हती.

परंतु इतिहासाची पाने उलटू लागलो, की या साध्या रीतीत स्वच्छतेखेरीज आणखी एक धागा सापडतो. तो मानापमानाचा. वहाणा कोणी काढायच्या आणि कोणासमोर, या प्रश्नावरून मोठमोठी राज्ये हट्टाला पेटलेली आहेत.

आमचा हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या हैदराबादच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट कितीतरी वर्षे बूट काढून बिछायतीवर बसत असे. १८६९ साली निजाम अफजलउद्दौला वारले आणि अवघ्या दोनअडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. तो मोका साधून रेसिडेंटाने हट्ट धरला, की यापुढे आम्ही बुटांसह येऊ आणि खुर्चीवर बसू. निजामाच्या दरबाराला ते मान्य करावे लागले. राज्य कोणाचे चालते, हे एका बुटाच्या जोडाने सांगून टाकले!

आता याच इंग्रजांची दुसरी बाजू पाहा. त्यांच्या स्वतःच्या देशात आदर दाखवायचा तो टोपी काढून. जोडे काढण्याची चाल त्यांच्यात नाही. पण हिंदुस्थानातल्या लोकांनी आपल्यासमोर जोडे काढलेच पाहिजेत, अशी त्यांची अपेक्षा असे. पुढे विलायती बूटमोजे घालणारी हिंदी मंडळी वाढली, तेव्हा १८५४ साली सरकारने ठराव करून त्यांना बुटांसह दरबारात येण्याची मुभा दिली. तरीही १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना जोडे काढून आत या, असे फर्मावण्यात आले. माणकजी बाणेदार निघाले. त्यांनी साफ नकार दिला, आणि हे प्रकरण मुंबई सरकारपर्यंत जाऊन वर्तमानपत्रांतूनही गाजले. म्हणजे तुमच्या घरी आम्ही बूट काढणार नाही, आमच्या कचेरीत मात्र तुम्ही काढा, असा हा न्याय! ब्रह्मदेशात तर १८७५ नंतर इंग्रज वकिलाला बूट न काढण्याचा हुकूम झाला आणि मंडालेच्या मिंडॉन राजाशी त्याची भेटच बंद पडली.

साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या गावगाड्याने काय केले, तेही पाहिले पाहिजे. ज्या माणसाने कातडे कमावून वहाण शिवली, त्यालाच वाड्यावरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे. महार, मांग, चांभार यांच्यासाठी हा उंबरठा दारापाशी सुरू होत नव्हता. तो पार रस्त्यापर्यंत येऊन पोचला होता. येथे स्वच्छतेचा प्रश्न तरी कोठे होता? रस्ता काही सारवलेला नव्हता! १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली खरी, पण दलितांना सार्वजनिक जागी पायताण घालण्यास अडवणे हा गुन्हा आहे, असे कायद्यात स्पष्ट शब्दांनी लिहावे लागले, ते २०१५ साली, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीत. वर्गात मी ही तारीख सांगतो, तेव्हा आपल्या जन्माच्या सुमाराची गोष्ट ही, हे उमजून मुले एकदम गप्प होतात.

आणि नवल असे, की याच समाजाने पायातल्या वस्तूला डोक्यावरही घेतले. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि ती वाट आजही लाखो लोक चालतात. आमच्या गावाजवळच्या छोट्या पंढरपुरातही आषाढीला गर्दी लोटते. देवळाबाहेरच्या त्या ढिगात साहेबाचे बूट आणि मजुराच्या चपला एकमेकांवर पडलेल्या असतात. तेथे कोणी कोणाला हुकूम केलेला नसतो.

वाळूजचे रूप आता पालटले आहे. औद्योगिक वसाहत आली, १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि जेथे ज्वारी डोलत होती तेथे भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. पाळी संपवून आलेला कामगार, मग तो लातूरचा असो की बिहारचा, कारखान्याचे जड बूट दाराबाहेर काढतो आणि मगच आत जातो. फरशी आली, सारवण गेले, तरी रीत टिकली.

ती का टिकली, याचे उत्तर मला आपल्याच घरच्या दारात मिळते. पाहुणा वहाणा काढण्यासाठी वाकतो, तेव्हा यजमान काय म्हणतो? “अहो, राहू द्या, राहू द्या!” आणि पाहुणा ते न ऐकता वहाणा काढतोच. दरबारात आणि वाड्यासमोर नेमके याच्या उलट होते : तेथे काढायला लावणारा एक आणि मान खाली घालणारा दुसरा. वहाण तीच आणि पायरीही तीच. पण मान मागून घेतला, की तो अपमान होतो.

या दिवाळीत आपल्या दारी पाहुणे येतील. टपालवाला येईल, गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूसही येईल. “राहू द्या” हे शब्द त्यालाही ऐकू येऊ द्यावेत.