मामांची डॉज आणि काळीपिवळीतली मर्सिडीज

दिवाळीत अमेरिकेहून पुतण्या आला होता. डेट्रॉइटजवळ मोटारींच्याच धंद्यात नोकरीला आहे. जुना अल्बम चाळताना त्याला माझ्या धुळ्याच्या मामांचा गाडीजवळ उभा असलेला फोटो सापडला. "काका, ही तर डॉज किंग्जवे! कुठे आहे आता?" मी सांगितलं, मामांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, तेरा-चौदा वर्षं टॅक्सी म्हणून चालवली, मग मोडीत गेली. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरेरे, पार वाट लावली हो गाडीची! मूळ इंजिन असतं तर लोक शोधत घरी आले असते."

पोरगा गुणी आहे, मनाने म्हणाला असं नाही. पण "वाट लावली" हे दोन शब्द मला लागले. मामा जाऊन आता वीस वर्षं होतील. त्यांची बाजू मांडायला दुसरं कोणी नाही. मी इतिहासाचा मास्तर, यंत्रातलं मला मामांनी शिकवलं तेवढंच आणि अलीकडे नातवाच्या मदतीने वाचलं तेवढंच. तरी प्रयत्न करतो. चुकलं तर पुतण्याने खाली लिहावं, तो वाचतोच.

गाडी मुळात मामांची नव्हती. धुळ्यातल्या एका जिनिंगवाल्या शेठजींची होती, मामा तिच्यावर ड्रायव्हर. पन्नास-एक्कावन सालची असावी. बॉनेटच्या टोकाला डॉजचा तो चकचकीत मेंढा, म्हणून आम्ही पोरं तिला 'मेंढ्याची गाडी' म्हणायचो. पाचकंदिलाकडून ती निघाली की टांगेवाले घोडा बाजूला घेत. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअर स्टिअरिंगलाच. मी सहा वर्षांचा असताना मामांनी मला लळिंगपर्यंत फिरवून आणलं. त्या दिवशी मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते हे की गाडीचा आवाजच येत नव्हता.

ही अमेरिकन गाडी धुळ्यात आली कशी? मोटारी मुंबईत जोडण्याचं काम अमेरिकनांनी फार लवकर सुरू केलं. फोर्ड १९२६ साली मुंबईत आली, जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. नंतर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. १९५३ साली सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, इथेच बनवणार असाल तर राहा. १९५४ साली फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनी गाशा गुंडाळला. पुढे रस्त्यावर राहिल्या त्या फियाट आणि अँबॅसेडर. म्हणून ज्यांच्याकडे जुनी अमेरिकन गाडी होती, तिचा रुबाब वर्षागणिक वाढतच गेला.

गंमत अशी की अमेरिकेत ही डॉज काही बड्यांची गाडी नव्हती. तिथे ती पगारदार माणसाची. बड्यांची म्हणजे कॅडिलॅक, लिंकन, पॅकार्ड. आमच्याकडे मात्र ती राजाची झाली.

तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, एका ओळीतलं, सुमारे ३.६ लिटरचं. ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आतच. आजचा कोणी इंजिनिअर हसेल, एवढ्या मोठ्या पोटाचं इंजिन आणि एवढीच ताकद? पण मामा सांगायचे त्यात तथ्य होतं. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असत. हेड म्हणजे नुसतं झाकण, पाटा-वरवंट्याइतकं साधं. पेट्रोलची वाफ फारशी दाबली जात नसे, म्हणून हलकं पेट्रोल चालायचं. इंजिन सावकाश फिरायचं, म्हणून आवाज नाही. वरच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालवा, तरी धक्का मारत नसे.

अमेरिकन गाडीचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीत आहे. टेक्सासमध्ये तेल निघत होतं, पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि सरळ. मग जास्त ताकद हवी तर काय करायचं? इंजिन मोठं करायचं! कॅडिलॅकने १९१४ सालीच आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. १९३२ साली फोर्डने तेच सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. ऐषाराम म्हणजे काय, तर इंजिन आहे हे कळताच कामा नये. गिअरही हाताने बदलायला नको, म्हणून आपोआप गिअर बदलणारी गाडी त्यांनी १९४० च्या सुमारालाच विकायला काढली. दरवर्षी पत्र्याचा घाट नवा. १९५९ च्या कॅडिलॅकचे मागचे पंख तर पुतण्याने मला फोनवर दाखवले. गाडी आहे की विमान, तेच कळेना.

जर्मनांचं दुखणं वेगळं. तेल विकत आणायचं, पेट्रोल महाग. शिवाय युद्धानंतर पश्चिम जर्मनीत मोटारीवरचा कर इंजिन किती लिटरचं त्यावरून बसायचा. इंजिन वाढवलं की सरकार खिशात हात घालणार. आणि रस्ता कसा, तर वेगमर्यादा नसलेला ऑटोबान, तिथे तासन्‌तास जोरात पळायचं. मग लहान इंजिनातून ताकद पिळून काढायची, व्हॉल्व्ह वर न्यायचे, कॅमशाफ्टही वर न्यायचा, पेट्रोल पंपाने मोजून सोडायचं. त्यांच्या मते ऐषाराम म्हणजे ताशी शंभर मैलांवरही गाडी डुलू नये आणि चालवणारा दमू नये.

एकाच सालच्या दोन गाड्या घेऊ. १९५९ ची कॅडिलॅक: ६.४ लिटर, ३२५ हॉर्सपॉवर. १९५९ ची मर्सिडीज २२० एसई: २.२ लिटर, १२०. भागाकार केलात तर लिटरमागे कॅडिलॅकचे ५१ आणि मर्सिडीजचे ५५ येतात. म्हणजे फार फरक नाही! मीही आधी असंच समजलो होतो. पण इथे एक मेख आहे. अमेरिकन लोक ताकद मोजताना इंजिन उघडं टेबलावर ठेवत, पंखा नाही, सायलेन्सर नाही. जर्मन लोक सगळं सामान जोडून मोजत. १९७२ पासून अमेरिकनांनीही सामानासकट मोजायला घेतलं, तेव्हा कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाची ताकद जाहिरातीत ३६५ वरून एका वर्षात २३५ वर आली. इंजिन जवळजवळ तेच, तागडी बदलली. (आमच्या मार्केट यार्डात हे रोज घडतं, पण ते जाऊ द्या.)

आता आमच्या खान्देशात जर्मनी कशी आली ते सांगतो. शेठजींच्या दारात नाही आली. ती आली ट्रक होऊन. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक निघू लागले, तोंडावर तीन टोकांची चांदणी. धुळं म्हणजे आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रस्ता यांची फुली. रात्रभर ट्रकांची रांग. १९६९ साली करार संपला आणि चांदणी गेली, पण आमच्या लहानपणी 'मर्सिडीज' म्हटलं की डोळ्यांसमोर कपाशीच्या गाठींनी भरलेला ट्रकच यायचा. मर्सिडीज नावाची बसायची गाडी असते हे मला अमळनेरला कॉलेजात गेल्यावर कळलं.

१९७२ चा दुष्काळ, आणि १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल आखडलं. महिन्या-दोन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट. शेठजींची डॉज लिटरला सहा किलोमीटरसुद्धा धड देत नसे. ती वखारीत पोत्यांखाली गेली आणि मामांची नोकरीही गेली. घरात पाच तोंडं. शेठजी माणूस भला, थकलेल्या दोन-तीन पगारांच्या बदल्यात त्यांनी गाडीच मामांना देऊन टाकली. सहा महिने ती अंगणात उभी होती. कोंबड्या बसायच्या तिच्यात.

त्या काळी मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्स नावाची विलायती डिझेल इंजिनं आपल्याकडे बनवत असे. मुंबईकडे जुन्या अमेरिकन गाड्यांत ती बसवून टॅक्सी करायची चाल पडली होती. मामांनी मामींच्या पाटल्या मोडल्या आणि एक जुनं चार सिलिंडरचं पर्किन्स आणलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो, उन्हाळ्याच्या सुट्टीभर त्यांच्या हाताखाली होतो.

वाट लावणं इतकं सोपं नसतं हो! पहिली अडचण वजनाची. डिझेल इंजिन जड, गाडी नाक जमिनीला टेकवायला लागली, पुढच्या स्प्रिंगांखाली पॅकिंग द्यावं लागलं. जुनी फाउंडेशनं कापून नवी वेल्डिंग केली. इंजिन आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडी चकती. ती लेथवर तीनदा करून घेतली, कारण केसभर जरी सरकली तरी क्लच प्लेट खाऊन टाकते. मूळ गाडी सहा व्होल्टची, डिझेलच्या स्टार्टरला बारा लागतात, सगळी वायरिंग नवी. आणि शेवटी चाकांचं गणित. पेट्रोल इंजिन साडेतीन हजार फेरे मारायचं, हे बावीसशेच्या वर जाईना. मागचा गिअर जुनाच, म्हणून गाडी ताशी सत्तरला थांबायची. मामांना त्याचं काही नव्हतं. लिटरला अकरा-बारा किलोमीटर मिळत होते आणि डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं.

आवाज मात्र गेला, म्हणजे आला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा काचा, दारं, मेंढा, सगळं थडथडायला लागलं. मी मामांकडे पाहिलं. ते पाठमोरे उभे होते. बऱ्याच वेळाने वळून म्हणाले, "भाचा, अंग अमेरिकानं शे, पोट इलायतनं शे. आते आपलं पोट भराई." धुळे-शिरपूर-सेंधवा अशी ती १९८८ पर्यंत चालली. माझ्या तीन मामेबहिणींची लग्नं त्या थडथडीवर झाली.

पुतण्याच्या गावाने त्याच काळात काय केलं तेही सांगितलं पाहिजे. १९७८ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलमध्ये, पुढे कॅडिलॅकमध्येही, ५.७ लिटरचं डिझेल व्ही-८ घातलं. पेट्रोल इंजिनाच्याच आराखड्यावरून ते बेतलं होतं. डिझेलमध्ये हवा वीस-बावीस पट दाबली जाते, तरी हेडचे बोल्ट मात्र पेट्रोलच्या हिशेबाचेच ठेवले. गॅसकिटं उडू लागली. डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारं भांडं बसवलं नाही, पंप गंजले. १९८५ साली ते इंजिन बंद झालं आणि अमेरिकेत डिझेल मोटारीचं नाव पुष्कळ वर्षं खराब राहिलं. मामा डिझेलचं पिंप रात्रभर स्थिर ठेवत आणि तळाचं चार बोटं कधीच गाडीत ओतत नसत. कारण विचारलं तर म्हणत, "पानी खाले बसस." जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला जे भोवलं ते सातवी नापास माणसाने ओळखलं होतं.

आता माझी एक कबुली. नव्वदच्या दशकात माझी शाळा एरंडोल तालुक्यात, घर जळगावला. रोजचा प्रवास काळीपिवळीने, म्हणजे टेम्पो ट्रॅक्स. नऊच्या गाडीत सोळा. मी पुढे, गिअरच्या दांड्याला पाय देऊन. आमचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "सर, मर्सिडीजमध्ये बसलाय तुम्ही. इंजिन मर्सिडीजचं आहे." मी त्याला चारचौघांत हसलो. वर्गात जाऊन पोरांनाही सांगितलं, ऐकीव गोष्टीवर विश्वास कसा ठेवू नये याचं उदाहरण म्हणून!

तो खरं बोलत होता. बजाज टेम्पोने डेमलर-बेंझकडून परवाना घेऊन ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन इथे बनवलं, तेच ट्रॅक्समध्ये होतं. ती ट्रॅक्स बनायची पीथमपूरला, म्हणजे मामांच्याच आग्रा रोडने सेंधवा ओलांडून आणखी वर. आणि हे इंजिन मुळात मर्सिडीज २४० डी या मोटारीचं, १९७३ सालचं. ताकद जेमतेम ६५ हॉर्सपॉवर. जर्मनीत ती गाडी टॅक्सीवाल्यांची लाडकी. डिझेल मोटार पहिल्यांदा रीतसर विकायला काढली तीही मर्सिडीजने, १९३६ साली, आणि तीही टॅक्सीवाल्यांनीच उचलून धरली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची २४० डी इंजिनं आलटूनपालटून ४६ लाख किलोमीटर चालली, २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयात नेली. म्हणजे तिकडे ज्या गाडीला म्युझियममध्ये जागा, तिचं इंजिन आमच्याकडे पारोळ्याच्या चढावर सोळा माणसं आणि टपावर कांद्याची पोती घेऊन जात होतं. त्या ड्रायव्हरचं नाव मी इथे लिहीत नाही. जळगावात भेटला तर मात्र माफी मागायची आहे.

मर्सिडीज मोटार पुण्यात बनायला लागली ती १९९५ पासून. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादच्या लोकांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या, तेव्हा अजिंठ्याच्या अलीकडे आमच्या जळगावातही पारापारावर तीच चर्चा. त्या गाड्यांची इंजिनं पुण्याकडे जोडण्याचं काम कोण करत आलंय? फोर्स मोटर्स, म्हणजे तीच जुनी बजाज टेम्पो, १९९७ पासून. अमेरिकन बड्या गाड्यांना मात्र पुन्हा इकडे तो रुबाब लाभला नाही. जनरल मोटर्सने २०१७ साली आपल्याकडे गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ साली बनवणं थांबवायचं जाहीर केलं.

हे सगळं पुतण्याला फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "काका, त्या काढलेल्या मूळ इंजिनाचं काय केलं त्यांनी?"

सांगतो. सहा महिने ते पडवीत गोणपाटाखाली होतं. नंतर शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने नेलं, विहिरीवर पंपाला जोडायला. एक उन्हाळा त्याने त्यावर केळी जगवली असं मामा सांगत. मेंढा माझ्याकडे आहे. एक शिंग तुटलंय. हे लिहिताना कागदांवर तोच ठेवलेला आहे, पंखा चालू आहे ना.