'थीम': एका व्याख्येची फाळणी

कार्यलक्ष्यी भाषाविज्ञानात 'थीम' ही संज्ञा जितकी रुळलेली आहे, तितकीच ती अस्थिर आहे. (साहित्यसमीक्षेतील आशयसूत्राशी तिचा संबंध नाही, येथे प्रश्न वाक्याच्या बांधणीचा आहे.) या अस्थिरतेचे मूळ व्हिलेम मातेझिउस यांच्या 1939 मधील चेक निबंधात सापडते. दिलेल्या प्रसंगी जे ज्ञात वा निदान उघड असते आणि जेथून वक्ता निघतो, ते उक्तीचे प्रस्थान, अशी त्यांची मांडणी होती. ज्ञातता आणि प्रारंभ या दोन कसोट्या तिच्यात एकत्र नांदतात. मात्र 'प्रारंभ' म्हणजे वाक्यातील पहिली जागा नव्हे. भावनेच्या भरात वक्ता गाभा आधी आणि प्रस्थान नंतर ठेवतो, हे त्यांनी 'आत्मनिष्ठ क्रम' म्हणून नोंदवले होते.

हॅलिडे यांनी 1967-68 मधील तीन भागांच्या प्रदीर्घ निबंधात यांतील प्रारंभ तेवढा उचलला. ज्ञात-नवीन हा भेद त्यांनी स्वराघाताकडे सोपवला आणि इंग्रजीत थीम वाक्यारंभाशी बांधली. ब्रनोच्या यान फिर्बास यांनी ज्ञातता जपली असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1964 मध्ये त्यांनी ज्ञातता हीदेखील अनिवार्य कसोटी मानली नाही. निवेदन पुढे नेण्यात ज्या घटकाचा वाटा सर्वांत कमी, तो थीम. मग तो वाक्यात कोठेही असो. सायमन डिक यांनी तर 1978 मध्ये थीमला वाक्यबंधाबाहेरच बसवले: 'पुण्याचं म्हणाल, तर तिथं पाऊस नाही' यातील पहिल्या तुकड्यासारखे.

'एक म्हातारा दारात उभा होता' या अर्थाचे इंग्रजी वाक्य 'म्हातारा'पासूनच सुरू होते. हॅलिडे यांच्या लेखी म्हातारा थीम, फिर्बास यांच्या लेखी दार. मराठीत आपण सहज 'दारात एक म्हातारा उभा होता' असे म्हणतो आणि वाद दिसेनासा होतो. मराठीतील पदक्रम लवचिक असल्याने दोन्ही व्याख्या बहुधा एकाच पदावर येऊन थांबतात. त्यामुळेच इंग्रजी पाठ्यपुस्तकातील 'पहिले पद म्हणजे थीम' हा नियम मराठी संहितांना बिनदिक्कत लावला जातो.

वास्तविक आपल्याकडील उद्देश्य-विधेय ही जोडी मीमांसेत ज्ञात आणि नव्याने सांगावयाचे यांच्याविषयीच होती, आणि मम्मटाचा 'अविमृष्टविधेयांश' दोषही विधेयाला प्राधान्य न मिळण्याचाच दोष होय. शालेय व्याकरणाने तिचे कर्तृविभाग-क्रियाविभाग करून टाकले, हे आपले दुर्दैव.

'आला एकदाचा पाऊस!' हे वाक्य घ्या. वाट पाहिली जात होती ती पावसाची. वार्ता आहे ती येण्याची. पहिल्या जागेचा नियम येथे 'आला'ला थीम ठरवील, मातेझिउस मात्र शेवटच्या 'पाऊस'कडे बोट दाखवतील. कथेतील वा कवितेतील थीमांची मोजदाद करणाऱ्या प्रबंधाने यांपैकी कोणती थीम मोजली, हे पहिल्याच प्रकरणात लिहिलेले असावे.