मॉड्स्लेची चामडी कडी आणि होडीची मोटर

मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. अशा उथळ जागी ओहोटीच्या वेळी होडीची पाठीमागची मोटर वेळीच वर घेतली नाही, तर तिचा पंखा वाळूत रुततो. लहान मोटर हाताने उचलते. मोठी मात्र बटण दाबून तेलाच्या जोराने उचलावी लागते. बटण दाबूनही ती हलली नाही, किंवा वर जाऊन आपोआप खाली उतरू लागली, की नावाड्याचा जीव टांगणीला लागतो. हा दोष समजण्यासाठी आधी लंडनला जावे लागेल.

तेथे १७९५ साली जोसेफ ब्रामा या कुलपे करणाऱ्या कारागिराने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राची सनद घेतली. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हे पास्कलने पूर्वीच दाखविले होते. म्हणून लहान दट्ट्यावर बेताचा जोर दिला की मोठा दट्ट्या प्रचंड ओझे उचलतो. अडले ते एका फटीपाशी. दट्ट्याभोवतीची फट सैल ठेवावी तर पाणी निसटे, घट्ट आवळावी तर दट्ट्या परत येईना. ब्रामाच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले या तरुणाने तेथे वाटीसारखी चामड्याची कडी बसविली, असे मानतात. दाब वाढला की तोच दाब चामड्याची कड दट्ट्याला चिकटवी. दाब उतरला की ती सैल पडे. पुढे या मॉड्स्लेने पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा १७९७ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. आम्हां शिक्षकांना ही हकीकत फारशी परकी वाटत नाही.

१९०९ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूडने आपली होडीची मोटर विक्रीस आणली. ती हातानेच उचलावयाची होती. पुढे मोटरी जड झाल्या, तेव्हा विजेचा पंप आणि तेलाचे नळकांडे आले. चामड्याच्या जागी रबराची गोल कडी आली. तिची अमेरिकन सनद नील्स क्रिस्टेन्सनला १९३९ साली मिळाली. युक्ती मात्र जुनीच: दाबानेच फट बंद व्हावी.

आता दोष पाहू. बटण दाबल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला, तर प्रथम बॅटरी आणि गंजलेले सांधे तपासावेत. पंप एकाच दिशेने चालत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्या दिशेच्या रिलेत किंवा तारेत असतो. पंप घुमतो पण मोटर उचलत नाही, तेव्हा हाताने सोडावयाचा स्क्रू सैल राहिला आहे काय, आणि तेल पुरेसे आहे काय, हे पाहावे. तेल सामान्यतः मोटर पूर्ण वर घेऊन पाहतात. परंतु तिला भक्कम टेकू दिल्यावाचून खाली हात घालू नये. तेल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरले आहे.

मोटर वर जाऊन हळूहळू उतरत असेल आणि तो स्क्रूही घट्ट असेल, तर आतल्या झडपा किंवा कडी यांचा संशय घ्यावा. दट्ट्याचा दांडा कोरडा पुसून काही वेळाने पाहावा. त्याच्या तोंडाशी तेलाची ओल दिसली, तर ब्रामाचीच फट पुन्हा उघडली आहे. पण कडी बदलण्यापूर्वी दांड्यावरून बोट फिरवावे. खाऱ्या पाण्याने त्यावर खड्डे पडले असतील, तर नवी कडीही थोड्याच दिवसांत फाटते. तेव्हा दांडाच बदलावा लागतो.